हरणाऱ्याच्या पैशावर कोण जगतो?

२०२५ सालच्या सप्टेंबरचे पहिले दिवस होते. मोत माउलीच्या नोव्हेनाची प्रार्थना आटोपून आम्ही भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरील एका घरी गेलो. घरातील वृद्ध मातेने निरोप धाडला होता. दोन खोल्यांचे नीटनेटके घर. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे तांबडा दिवा. मुलगा खाजगी कंपनीत हिशेब लिहितो, रोज लोकलने मुंबईला जातो, रविवारची मिस्सा सहसा चुकवत नाही. गेल्या तीन वर्षांत मोबाइलवर पैसे लावून खेळता खेळता त्याने मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम संपवली होती आणि पतपेढीचे कर्जही डोक्यावर घेतले होते.

“फादर, ह्याला चार शब्द सांगा. जुगारात घर धुऊन नेलं ह्यानं,” मातेने म्हटले.

मुलगा खाली मान घालून बसला होता. पण ‘जुगार’ हा शब्द ऐकताच त्याने मान वर केली. “फादर, जुगार असता तर सरकारनं त्याच्यावर कर घेतला असता का? टीव्हीवर उजळ माथ्यानं जाहिराती लागत होत्या. मोठमोठे खेळाडू त्यात काम करत होते. पोलिसांना चुकवून मी काही खेळलो नाही.”

तेवढ्यात त्याची पत्नी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आणि फादर, राग मानू नका, पण आपल्या सणाच्या हाऊजीचं काय?”

मातेला देण्यासाठी आमच्याकडे उत्तर होते. मुलाला देण्यासाठी अर्धे होते. सुनेला देण्यासाठी मात्र काहीच नव्हते. त्या कुटुंबाच्या परवानगीने, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, हा प्रसंग येथे सांगितला आहे. कारण त्या दिवसापासून ते तीन प्रश्न आमची पाठ सोडीत नाहीत, आणि ते केवळ त्या एका घराचे आहेत असेही आम्हांस वाटत नाही.

मातेचा प्रश्न प्रथम घेऊ. नशिबाचा खेळ मुळातच पाप आहे काय? ख्रिस्तसभेने सरसकट तसे कधी शिकवलेले नाही. यहूदाच्या रिकाम्या जागी नवा प्रेषित निवडण्याची वेळ आली, तेव्हा अकरा प्रेषितांनी चिठ्ठ्याच टाकल्या आणि चिठ्ठी मथियासाच्या नावे निघाली. मात्र त्याच नव्या करारात, क्रुसाच्या पायथ्याशी बसून, प्रभूच्या बिनशिवणीच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकणारे शिपाईही आहेत. कृती तीच, पण एका ठिकाणी माणसे आपला स्वार्थ बाजूला ठेवून देवाची इच्छा शोधत आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी मरणाऱ्या माणसाच्या अंगावरचे वस्त्र वाटून घेत आहेत. भेद चिठ्ठीत नाही. जे पणाला लागले आहे ते कोणाचे, आणि ते गमावून कोण उघडा पडणार, यात तो आहे.

चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कम्युनियनपासून दूर ठेवावे, आणि तो सुधारला तर वर्षभराने त्याला परत घ्यावे, असा नियम केला होता. पुढील शतकांत विचार अधिक तोलून मांडला गेला. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात पैजा व नशिबाचे खेळ न्यायाच्या विरुद्ध ठरवलेले नाहीत. परंतु माणसाच्या स्वतःच्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते नीतीला धरून राहत नाहीत, आणि जुगाराची आसक्ती ही गुलामगिरी होऊ शकते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा मातेला उत्तर सोपे होते. लेकीच्या फीचे पैसे गेले त्या क्षणी, नाव काहीही असो, तो खेळ राहिला नव्हता.

मुलाचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्याची शासनाने नोंद ठेवली, ज्यावर कर घेतला, ज्याची जाहिरात होऊ दिली, त्यात आपण पाप कसे शोधावे, असे सामान्य माणसाने विचारले तर त्याला दोष देता येत नाही. कायदा हा सर्वसामान्यांचा गुरूही असतो. आणि जुगाराच्या बाबतीत या गुरूने आपल्या देशात कधी एकच धडा दिलेला नाही.

आपल्या परंपरेतच या बाबतीत दोन वाटा आहेत. मनुस्मृती राजाला सांगते की द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजींवरील पैजा राज्यातून हद्दपार कराव्यात; ती तर उघड चोरीच होय. कौटिल्याचे अर्थशास्त्र वेगळा सल्ला देते. त्याने ‘द्यूताध्यक्ष’ नावाचा अधिकारीच नेमला आहे. जुगार एकाच ठिकाणी, त्याच्या देखरेखीखाली खेळावा. फासे त्यानेच पुरवावेत. खोटे फासे वापरणाऱ्याला दंड करावा. आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत, शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे व जागेचे पैसे वेगळे. कौटिल्याने हेतूही लपवलेला नाही: गुप्त मार्गाने पोट भरणारी माणसे जुगाराच्या अड्ड्यावर सापडतात, म्हणून अड्डा राजाच्या डोळ्यांपुढे असावा. मनूला जुगार नकोच आहे. कौटिल्याला तो दिसेल अशा जागी हवा आहे, आणि पाहता पाहता त्यातला वाटाही हवा आहे.

आपली आधुनिक राज्ये बोलताना मनूची भाषा बोलतात आणि वागताना कौटिल्याचे ऐकतात, असे आम्हांस वाटते. मुंबई इलाख्यात १८८७ साली जुगारबंदीचा कायदा झाला. १९१२ साली घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांना परवाने देण्याचा वेगळा कायदा आला, आणि महालक्ष्मीच्या मैदानावर पैज लावणे हे सभ्य माणसाचे मनोरंजन ठरले. त्याच शहराच्या गिरणगावात साठच्या दशकात मटका उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर आधी सट्टा चाले. ते भाव येणे थांबल्यावर मडक्यातून आकडे काढणे सुरू झाले. गिरणीच्या पाळीवरून परतणारा कामगार ओपन-क्लोजच्या आकड्यासाठी दोन रुपये लावी आणि पोलीस दिसताच चिठ्ठी गिळी. मैदानावरील साहेबाला तसे काही करावे लागत नसे.

१९६९ साली महाराष्ट्र शासनाची स्वतःची लॉटरी सुरू झाली. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण व कर यांचा कायदा विधिमंडळाने संमत केला. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि तब्बल सत्तेचाळीस वर्षे पुस्तकात पडून राहून २०२३ साली रद्द झाला. दरम्यान १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या एका खटल्यात एक महत्त्वाचे तत्त्व घालून दिले होते: जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही. गंमत अशी की तो खटला शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरील कराचा होता आणि राज्याचा कर घेण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. जो व्यवसाय प्रतिष्ठित व्यापार म्हणवून घेण्यास पात्र नाही, त्यातून तिजोरी भरण्यास हरकत नाही, असा अर्थ सामान्य माणसाने काढला तर तो अगदीच चूक म्हणता येईल काय?

या दुटप्पीपणाचे सर्वांत ठळक चित्र आपल्या शेजारी, गोव्यात, पाहावयास मिळते. तेथील १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांच्या जुगाराला वाट मिळाली. पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या नौका नांगरल्या. मग लोकांची ओरड झाली, घरे बुडू लागली, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जाण्यास बंदी करण्यात आली. हा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी गेमिंग आयुक्ताचे पद आले. नियम चांगल्या हेतूने केला असेल. आपल्या माणसांची काळजी वाहणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. नौकेवर चालते ते घरबुडवे आहे हे शासन जाणते. म्हणूनच आपल्या लेकरांना ते दारातून परत पाठवते, आणि कोल्हापूर, बेळगाव, मुंबईहून आलेल्यांना मात्र आत घेते. ‘माझा शेजारी कोण?’ असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारला होता. त्याला उत्तर म्हणून प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला. जखमी माणूस कोणत्या गावचा, हे त्या शोमरोन्याने विचारले नव्हते.

क्रिकेटच्या बाबतीत तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. एप्रिल २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सट्टेबाजाशी झालेले बोलणे दिल्ली पोलिसांनी उघड केले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण मुले खरोखर रडली होती. २०१३ साली आयपीएलमध्ये पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे षटके टाकल्याच्या आरोपावरून खेळाडूंना अटक झाली, आणि त्याच वर्षी संघांशी संबंधित माणसांच्या सट्टेबाजीची चौकशी सुरू झाली. २०१५ साली न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई व राजस्थान हे दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्याच समितीने पुढील वर्षी सुचवले की सामन्यांचा निकाल आधी ठरवणे हा फौजदारी गुन्हा करावा. सट्ट्याला मात्र कडक नियमांखाली कायदेशीर मान्यता द्यावी, आणि खेळाडूंना व क्रिकेटच्या कारभाऱ्यांना त्यापासून दूर ठेवावे. २०१८ सालच्या विधी आयोगाच्या २७६ व्या अहवालाने म्हटले की सट्ट्याला मान्यता देणे सध्या इष्ट नाही, परंतु तो रोखताच येत नसेल तर नियमन हाच मार्ग उरतो. जाणत्या, निःस्वार्थी माणसांची मतेही अशी दोन्हीकडे झुकली आहेत, हे आपण ध्यानात घ्यावे.

दरम्यान सट्टा मडक्यातून मोबाइलमध्ये आला. आपला संघ बनवा, पैसे भरा, जिंका; हे कौशल्य आहे, नशीब नव्हे, असा युक्तिवाद काही उच्च न्यायालयांत मान्यही झाला. २०२० साली ड्रीम ११ ही कंपनी २२२ कोटी रुपये देऊन आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, आणि २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर तिचे नाव आले. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेच्या एकाच अधिवेशनात, दोन कायदे संमत झाले. एकाने खेळांच्या संघटनांवर देखरेखीसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ व न्यायाधिकरण यांची तरतूद केली. दुसऱ्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आणली आणि ऑनलाइन खेळांसाठी एका प्राधिकरणाची तरतूद केली. या दुसऱ्या कायद्यास २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो खेळणाऱ्याला शिक्षा करीत नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड ठेवतो. त्या वेळी सरकारी अंदाज असा सांगण्यात आला की सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला जवळजवळ २०,००० कोटी रुपये अशा खेळांत गमावतात. काही दिवसांतच भारतीय संघाच्या छातीवरून ते नाव उतरले.

बंदी झाली, आता प्रश्न सुटला, असे आम्हीही केबिन रोडवरील त्या घरात म्हणून गेलो. परत निघालो तेव्हा मुलगा आम्हांला सोडण्यासाठी खाली आला. जिन्यात थांबून तो म्हणाला, “फादर, आईला सांगू नका. ते बंद झालं, पण परदेशातलं एक मिळालं आहे. मित्रानं दिलं.” त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती, भय होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे की मानवी कायद्याने सर्वच दुर्गुणांना बंदी करू नये. बहुसंख्य माणसे ज्यांपासून दूर राहू शकतात असे गंभीर दुर्गुण, विशेषतः ज्यांनी इतरांचे नुकसान होते ते, त्याने रोखावेत. कारण अपूर्ण माणसांवर पेलणार नाही असे ओझे लादले की ती कायदा झुगारून अधिक वाईटाकडे वळतात. सेमिनरीत असताना हा परिच्छेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या जिन्यात तो आम्हांला प्रथमच समजला. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्याने त्या मुलाच्या मोबाइलमधील परदेशी खेळाचा विचार केला पाहिजे. नियमनाच्या बाजूने बोलणाऱ्याने मुलीच्या फीचे पैसे ज्या काळात गेले त्याचा विचार केला पाहिजे. कारण ते पैसे नियम, परवाने आणि कर असलेल्या काळातच गेले होते.

मग मार्ग कोणता? बंदी की देखरेख, हा वाद राज्यकर्त्यांनी व तज्ज्ञांनी परिस्थिती पाहून सोडवावा. प्रामाणिक माणसे त्यात दोन्ही बाजूंना असू शकतात. परंतु एक गोष्ट कोणत्याही बाजूला बसत नाही, असे आमचे मत झाले आहे. जो देखरेख करतो, त्याचे पोट हरणाऱ्याच्या पैशावर भरता कामा नये.

रस्त्याच्या नावातच केबिन असल्यामुळे असेल, त्या संध्याकाळी परतताना आम्हांला रेल्वेची जुनी सिग्नल केबिन आठवली. केबिनमधला माणूस उंचावर बसून सांधा बदलतो, सिग्नल देतो, गाड्या एकमेकींवर येऊ देत नाही. तो गाडीत बसत नाही आणि कोणत्या गाडीत किती उतारू आहेत यावर त्याचा पगार ठरत नाही. अधिक गाड्या सोडल्या तर अधिक पैसे, असे त्याच्याशी ठरवले असते तर तांबडा दिवा लावताना त्याचा हात जड झाला नसता काय? द्यूताध्यक्षाचे नेमके हेच झाले. खोटे फासे तो शोधीलही. पण खरे फासे जितके अधिक पडतील तितके त्याचे शेकडा पाच वाढतील. घर बुडवायला खरे फासेही पुरतात.

कोणी म्हणेल, शासन तर मद्यावर आणि तंबाखूवरही कर घेते आणि त्यातून दवाखाने चालवते. मग तेही चूक का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. आम्हांला सुचलेली कसोटी अशी. कर दोन प्रकारांनी घेता येतो. एक, ती वस्तू महाग व्हावी, कमी खपावी म्हणून. आणि दुसरा, ती खूप खपावी व तिजोरी भरावी म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आतला भेद ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: हे उत्पन्न घटत गेले तर घेणाऱ्याला आनंद होईल काय? ज्याला आनंद होईल तो राखणदार. ज्याला पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकाची चिंता लागेल तो भागीदार. लॉटरीच्या तिकिटांची विक्री घटली म्हणून एखाद्या शासनाने समाधान व्यक्त केल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. बंदीला संमती मिळाल्यावर बरोबर एका महिन्याने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, कॅसिनो, लॉटरी व घोड्यांच्या शर्यतींच्या पैजांवरील करही २८ चा ४० टक्के झाला. हा वाढीव कर त्या गोष्टी कमी व्हाव्यात म्हणून आहे की अधिक मिळावे म्हणून, हे उत्पन्न घटू लागेल त्या दिवशी कळेल.

खेळाच्या बाबतीतही हीच कसोटी लागू पडते. ज्या मंडळाला खेळाची शुचिता राखावयाची आहे, त्याने पैज घेणाऱ्यांच्या पैशावर आपल्या स्पर्धा चालवल्या, तर खेळाडूला शिकवलेल्या प्रामाणिकपणाला किती वजन राहील? इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या फुटबॉल संघांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर सदऱ्याच्या पुढच्या बाजूवरून पैज कंपन्यांची नावे काढण्याचे २०२३ मध्ये ठरवले. बाहीवर ती राहू शकतात. माणसाचे मन कसे असते ते यावरून कळावे: छातीवर लाज वाटते, दंडावर चालून जाते!

येथवर लेखणी सहज चालली. कारण राज्यकर्त्यांचे दोष दाखवणे आम्हां उपदेशकांना नेहमीच सोपे जाते. आता सुनेच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामाच्या सणाला मंडपात हाऊजी होते. आकडे पुकारणारा विनोद करतो, म्हाताऱ्या बाया चष्मा सावरत आकडे खोडतात, मुले ‘फुल हाऊस’ म्हणून ओरडतात. वर्षातून एक दिवस सगळे धर्मग्राम एकत्र हसते. त्यात पाप शोधणारा आम्हांला तरी कोरडा माणूस वाटेल. पण हिशेबाची वही काढून आम्ही बसलो, तेव्हा आम्हांला दिसले की गेल्या काही वर्षांत तिकिटाची किंमत वाढत गेली होती, शेवटच्या डावाचे रोख बक्षीस वाढत गेले होते, आणि जमलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम छपराच्या निधीत जात होती. सहा-सहा तिकिटे घेणारी कोण, हेही आम्हांला ठाऊक होते. धुणीभांडी करून संसार चालवणारी एक विधवा दरवर्षी सहा घेई. आम्ही तिला पाहून हसत असू, “यंदा मावशी जिंकणार!” म्हणत असू. ती कधीच जिंकली नाही. छप्पर मात्र थोडे थोडे होत गेले.

दानधर्माविषयी लिहिताना संत थॉमस यांनी जुगारातून मिळालेल्या पैशाचा विचार केला आहे. अल्पवयीन वा बुद्धीने दुर्बळ माणसाकडून जिंकलेले, किंवा लोभापायी एखाद्याला खेळात ओढून, फसवून घेतलेले धन ज्याचे त्याला परत केलेच पाहिजे. ते दान म्हणून देता येत नाही, असे ते म्हणतात. आम्ही कोणाला फसवले नव्हते. पण रोख बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरांत फलकावर लिहून आम्ही मावशीला ओढले नव्हते, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईना. आणि आम्ही स्वतःस आमचीच कसोटी लावली: हाऊजीचे उत्पन्न घटले तर आम्हांला आनंद होईल काय? उत्तर द्यायला वेळ लागला नाही. आम्ही भागीदार होतो.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आम्ही सूचना मांडली की हाऊजी राहू द्यावी, पण माणशी एकच तिकीट, किंमत एका वडापावाहून अधिक नको, रोख बक्षीस नको, आणि जमलेला सर्व पैसा बक्षिसांच्या वस्तूंतच खर्च व्हावा. छपरासाठी त्यातील एक रुपयाही नको. छपरासाठी पैसे हवेत तर वेदीवरून उघडपणे मागू. बैठकीत बराच वेळ शांतता होती. मग खजिनदार, जे आमचे जुने स्नेही आहेत, म्हणाले, “फादर, मागून लोक शंभर देतात. खेळून पाचशे देतात. आणि खूष होऊन देतात.” ते खरे बोलत होते. आम्ही एवढेच म्हणालो की ते चारशे कोणाच्या घरून येतात ते आपण पाहिले आहे. सूचना थोड्या मतांनी संमत झाली. सर्वांना ती पटली असे नाही, आणि आम्हीही ती पूर्णपणे बरोबर आहे अशी खात्री देऊ शकत नाही.

सण पार पडला. मंडपात पूर्वीइतकाच हशा पिकला. मावशींनी एक तिकीट घेतले आणि पहिल्या ओळीसाठी त्यांना स्टीलचा डबा मिळाला. छपरासाठी वेदीवरून मागितलेली रक्कम हाऊजीतून येत असे तिच्या निम्मीही झाली नाही. पाऊस येईल तेव्हा पवित्र वस्त्रांच्या कपाटावर पुन्हा बादली ठेवावी लागेल, हे खजिनदार आम्हांला आठवण करून देतात, आणि त्यांना तसा अधिकार आहे.

केबिन रोडवरील घरी आम्ही त्यानंतर चार वेळा गेलो. त्या मुलाने जिन्यात सांगितलेले आईला आपण होऊन सांगितले. त्या दिवशी घरात फार रडारड झाली. पगार आता पत्नीच्या खात्यावर येतो. साधा फोन त्याने स्वतःच मागून घेतला. एका समुपदेशकाकडे तो जातो. दोनदा पाय घसरला आणि दोन्ही वेळा त्याने येऊन सांगितले. पतपेढीचे हप्ते अजून बरीच वर्षे चालतील. गेल्या भेटीत त्याने विचारले, “फादर, माझे गेलेले पैसे आता कोणाकडे असतील?”

आम्ही त्याला सांगितले की काही जिंकणाऱ्याकडे असतील, काही कंपनीकडे, काही जाहिरातवाल्याकडे आणि काही तुझ्या-आमच्या सरकारच्या तिजोरीत, म्हणजे रस्त्यांत, शाळांत, कदाचित तू रोज ज्या पुलावरून जातोस त्यातही. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हटले, “म्हणजे सगळ्यांनी थोडं थोडं घेतलं.”

होय, सगळ्यांनी. म्हणूनच त्याला परत उभे करण्याचे कामही त्याच्या एकट्याच्या माथी टाकता येत नाही. छप्पर थोडे गळले तरी चालेल.